जुळवून घेतलेली पत्रिका

मिरजेच्या त्या बालरुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर दिवसातून दहा-बारा वेळा टिंग वाजायचं, आणि ते वाजलं की कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांत पाणी यायचं. कारण तसं हसण्यासारखंच होतं. नवजात बाळाच्या लंगोटात आता कागदाएवढी पातळ पट्टी शिवलेली असे. बाळाला पहिली काळी शी झाली की पट्टी ती ओळखायची आणि खाटेच्या दांडीवरची घंटी वाजवायची. हा बोलका लंगोट नवा आला तेव्हा नाकं मुरडणाऱ्या आज्याच आता घंटीखाली खुर्ची टाकून बसायच्या, आणि टिंग झालं की अख्ख्या मजल्याला पेढे वाटायच्या. शीचे पेढे, पण कुणी नको म्हणत नसे.

पद्मावती मगदूम तशीच सात नंबरच्या खाटेपाशी बसली होती. तिच्या नातवाला जन्मून सत्तर तास झाले होते आणि सातची घंटी अजून मुकी होती.

बाळाचं पोट नगाऱ्यासारखं ताणलं होतं. वरच्या कातडीतून निळ्या शिरा दिसत होत्या. सकाळपासून त्याने दोनदा हिरवं ओकलं होतं. वॉर्डातली आया, राजमती, लंगोट उघडून बघायची आणि कोरडाच पुन्हा बांधायची.

"होईल ओ काकू," ती म्हणाली. "आमच्यात एकाला चौथ्या दिवशी झाली होती. तुम्ही दोन घास खाऊन या, मी बसते की बाळापाशी."

पद्मावतीने, गल्लीच्या पद्माक्काने, बाळाच्या पोटावरून हात फिरवला. बत्तीस वर्षं ती सरकारी आरोग्यसेविका होती. हजारभर पोरांची नाळ तिने कापली असेल. हे पोट तिच्या ओळखीचं होतं. तिचं धाकटं भावंड असंच पोट घेऊन सहाव्या दिवशी गेलं होतं. पुढे तिच्या दुसऱ्या भावाची दोन मुलं अशीच गेली. भावाचं तिसरं मूल तेवढं जगलं, ती त्रिशला. पद्माक्काने तिला सून करून घरी आणली, आणि आता तिच्याच पोटी हे पोट आलं होतं.

दुपारी डॉक्टर इनामदारांनी घरच्या सगळ्यांना खोलीत बोलावलं. चाकाच्या खुर्चीत त्रिशला, तिच्या मागे पद्माक्काचा मुलगा भरतेश, दाराशी पद्माक्काचे यजमान आदगोंडा. डॉक्टर चाळिशीच्या, भरभर बोलणाऱ्या बाई होत्या, पण त्या दिवशी शब्द मोजून बोलत होत्या.

"बाळाच्या आतड्यात चेतापेशी नाहीत," त्या म्हणाल्या. "आतड्यातला माल पुढे ढकलायचा हुकूम त्या देतात. बाळ गर्भात असतं तेव्हा या पेशी मानेजवळून निघतात आणि आतड्याच्या कडेने चालत चालत थेट खालपर्यंत जातात. याच्या पेशी निघाल्या, पण वाटेत मेल्या. जठराखाली वीतभर सोडलं तर सगळं आतडं मुकं आहे."

"मग तेवढा भाग कापून टाका की," भरतेश म्हणाला. "माझ्या मित्राच्या पोराला केलंय तसं. चांगला पळतोय आता."

"त्याचा शेवटचा तुकडाच मुका असणार. याचं कापायला गेलं तर काहीच उरत नाही. मग ते जगणार कशावर?"

त्रिशलाने पदराने तोंड झाकलं. पद्माक्काने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"एक उपाय आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आम्ही त्याला पेरणी म्हणतो. जवळच्या नातलगाच्या कातडीचा नखाएवढा तुकडा घ्यायचा. त्या पेशींना प्रयोगशाळेत मागे न्यायचं, गर्भातल्या अवस्थेत, आणि त्यांच्यापासून नव्या चेतापेशींची रोपं करायची. तीन दिवस लागतात. ती बाळाच्या आतड्यात सोडली की पुढे आपली आपण चालत जातात. पण पेरणी एकदाच होते. दुसऱ्यांदा बाळाचं शरीर त्यांना ओळखतं आणि मारून टाकतं. म्हणून रोप कुणाचं घ्यायचं ते आज नीट ठरवायला हवं."

मग त्यांनी पडद्यावर दोन जनुकपत्रिका उघडल्या.

ही पत्रिका काय होती ते सांगायला हवं. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत समाजाचं वधू-वर मंडळ जन्मवेळेच्या पत्रिका मागायचं. मग शिकल्यासवरल्या पोरांनी गलका केला, ग्रह-तारे मोडीत निघाले, आणि मंडळाने ठराव केला की यापुढे लाळ तपासून जनुकं बघायची. कुणाच्या रक्तात कोणता आजार दडलाय ते कळावं, दोन सारखे दोष एकत्र येऊ नयेत, एवढाच हेतू. हेतू चांगलाच होता. पण माणसं तीच होती. मंगळाच्या मुलीला जसा नकार द्यायची, तसाच आता वाहक मुलीला देऊ लागली. वाहक म्हणजे जिच्यात जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली आहे अशी. तिला स्वतःला काही होत नाही. जोडीदार त्याच दोषाचा नसेल तर मुलांनाही होत नाही. पण हे सगळं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला सवड कुणाला होती?

"वडिलांमध्ये एक प्रत बिघडलेली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आईच्या दोन्ही चांगल्या आहेत. बाळाच्या मात्र दोन्ही बिघडलेल्या. आता एक तर दुसरी प्रत गर्भातच नव्याने बिघडली. लाखात एखाद्याचं तसं होतं." त्या थांबल्या. "किंवा यातली एखादी पत्रिका चुकीची आहे."

डॉक्टरांनी त्रिशलाच्या पत्रिकेवर बोट ठेवलं.

"आईची पत्रिका खात्रीची असेल तर आईचंच रोप सगळ्यात चांगलं. खात्री नसेल तर आजोबांचं घेऊ, त्यांच्या घराण्यात असं मूल कधी झालेलं नाही. आईला पुन्हा तपासता येईल, पण त्याला तीन दिवस, मग रोपांना आणखी तीन, आणि पेरणी पहिल्या आठवड्यातच रुजते; दोघांची रोपं एकदम करता येत नाहीत. म्हणून विचारते. हा नमुना कुणी घेतला होता?"

"मी," पद्माक्का म्हणाली.

"मग तुम्हीच सांगा."

चार वर्षांपूर्वीची ती दुपार पद्माक्काच्या डोळ्यांसमोर लख्ख उभी राहिली. समाजाच्या सभागृहात मुला-मुलींची रांग, काडीने गालातून लाळ घ्यायची, पाकिटात घालायची, वर नावाची चिठ्ठी चिकटवायची. काम विश्वासाचं, म्हणून पद्माक्काकडे. भरतेशचा निकाल आधीच आला होता, वाहक. त्रिशलाचाही तसाच येणार हे तिला लाळ न तपासताच कळत होतं. माहेरची तीन पांढरी दुपटी तिने स्वतःच्या हाताने पुरायला दिली होती. पण भाऊ शेवटच्या दुखण्यात तिचा हात धरून म्हणाला होता, पोरीला तुझ्या घरात घे, आक्का. भाची घरात आणायची ही त्यांच्यातली जुनी रीत, आणि पद्माक्काने मान हलवली होती.

तिला त्यात पाप वाटलं नव्हतं. तिने आयुष्यात किती पत्रिका जुळवून घेतलेल्या पाहिल्या होत्या! जन्मवेळ पाव तास मागे घेतली की मंगळ उठून जायचा. नाडी एक आली तर दुसऱ्या शास्त्रीबुवांकडे जायचं. स्वतः पद्माक्काच्या लग्नात तिचं वय दोन वर्षांनी कमी झालं होतं. पत्रिका जुळत नसेल तर जुळवून घ्यायची असते, हे तिच्या पिढीला कुणी शिकवावं लागत नसे. तिने दोन पाकिटांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. ढिगात त्रिशलाच्या खाली ज्या मुलीचं पाकीट होतं, तिची चिठ्ठी. जी हाताला लागली ती.

त्या चिठ्ठीवर नाव होतं राजमती चौगुले.

राजमतीची तीन स्थळं मोडली. तिसरं तर साखरपुड्याच्या दिवशी सकाळी मोडलं, साडी आणि नारळ टेम्पोतून परत आले. तिच्या वडिलांनी अंथरूण धरलं ते पुन्हा उठले नाहीत. तेव्हा पद्माक्कानेच ओळखी काढून तिला या रुग्णालयात चिकटवलं. पद्माक्काचं मन किती मोठं, असं गल्लीत सगळे म्हणाले. राजमती तर दर सणाला पाया पडायला यायची. पद्माक्का तिला दर सणाला हातावर साखर द्यायची आणि तोंड फिरवायची.

"आत्ती?" त्रिशलाने मान वर करून विचारलं. सासू झाली तरी ती तिला आत्याच म्हणायची. "बरोबर हाय नव्हं ओ?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आजोबांचं घ्या. कारणसुद्धा कुणी लगेच विचारलं नसतं. पण मग कधीतरी विचारलं असतं. चौगुल्यांच्या दारात तिला उभं राहावं लागलं असतं. आणि पद्माक्काने मनाला समजावलं की त्रिशला स्वतः धडधाकट आहे, तिचं आतडं चालतं, मग तिच्या पेशी का नाही चालायच्या? बत्तीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईने हे स्वतःला पटवून दिलं, अर्ध्या मिनिटात.

"खात्रीची हाय," ती म्हणाली. "माझ्या हातची हाय."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि त्रिशलाच्या दंडावरून नखाएवढी कातडी काढून नेली.

सहाव्या दिवशी पेरणी झाली. नवव्या दिवशी सकाळी पद्माक्का तोंड धुवून येत होती, आणि सातची घंटी वाजली.

टिंग.

राजमती लंगोट हातात घेऊन पळत बाहेर आली. हसत होती, रडत होती. "झाली ओ काकू! झाली!" तिने तो काळा-हिरवा डाग सगळ्या मजल्याला दाखवला. आदगोंडांनी आठ किलो पेढे आणले. त्रिशला वाकून पद्माक्काच्या पाया पडली. "आत्ती, तुम्ही ठाम राहिला म्हणून," ती म्हणाली. पद्माक्काने तिला उठवलं. त्या वेळी तिला खरंच वाटलं की आपण काही चुकीचं केलेलं नाही, आपण सांगितलं ते आता खरं झालं. चक्क अभिमान वाटला तिला.

बाराव्या दिवशी वॉर्डातच पाळणा बांधून नाव ठेवलं, श्रेयांस. मोडलेल्या स्थळाच्या मुलीला एरवी कुणी पाळण्याला हात लावू देत नसे. त्रिशलाने मात्र राजमतीला हाक मारून पाळण्याची दोरी हातात दिली. पद्माक्का तेवढ्यात पाणी आणायला गेली.

त्यानंतर घंटी वाजली नाही. तेराव्या दिवशी नाही, चौदाव्या दिवशीही नाही. पोट पुन्हा फुगलं. चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी केसाएवढ्या सुईने आतड्यातला नमुना काढला, आणि त्रिशलाचं नि आदगोंडांचं रक्तही घेतलं. मधल्या तीन दिवसांत श्रेयांस रडायचाही थांबला. फक्त बघायचा.

सतराव्या दिवशी डॉक्टर वॉर्डातच आल्या. हातात पाटीएवढा पडदा होता. तो त्यांनी खाटेच्या पायथ्याशी उभा केला आणि घरच्यांना जवळ बोलावलं. राजमती पलीकडून बाळाचा लंगोट बदलत होती.

"पेरलेल्या पेशी मेल्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "जवळजवळ सगळ्या."

"औषध बाधलं?" भरतेशने विचारलं. "की काही जंतू?"

"तसं असतं तर त्या फुटून मेल्या असत्या. पेशी दोन तऱ्हांनी मरते. मार बसला की ती फुगते, फुटते, आतलं सगळं विष शेजाऱ्यांवर सांडतं आणि त्याही मरतात. तिथे सूज येते, पू होतो. इथे तसं काहीच नाही. या पेशी आवरून मेल्यात. आपले धागे आपणच तोडले, स्वतःच्या लहान लहान पुड्या बांधल्या, शेजाऱ्यांनी त्या गिळून टाकल्या. मागे डागसुद्धा नाही."

"आपण होऊन कशाला मरतील?" आदगोंडा म्हणाले.

डॉक्टर खाटेच्या कडेला टेकल्या. "या पेशीच्या अंगावर एक ग्राही असतो, तिचा कान म्हणा. आतड्याच्या भिंतीतून सारखा निरोप येत असतो, जग म्हणून. कानाने तो ऐकला की पेशी जगते. बराच वेळ काही ऐकू आलं नाही तर तोच कान आत हुकूम देतो, मर. चुकीच्या जागी पोचलेल्या पेशींनी तिथे ठाण मांडू नये म्हणून निसर्गाने ही सोय केलीय. आता एखाद्या पेशीचे निम्मे कान बहिरे असले तर? बहिरा कान निरोप ऐकत नाही, पण हुकूम मात्र देतो. गर्भात निरोपांचा पूर असतो, तिथे निम्म्या कानांवर निभावून जातं. आमच्या प्रयोगशाळेतही आम्ही रोपांना त्याच रसात बुडवून ठेवतो. बाळाच्या आतड्यात गेल्यावर त्यांनी सोबतचा रस संपेपर्यंत काम केलं. मग मेल्या."

"पण तिचे कान चांगले होते ना?" भरतेशचा आवाज चढला. "पत्रिकेत आहे तसं."

"पत्रिकेत आहे. तिच्या रक्तात नाही. त्रिशला वाहक आहे. आणि ही पत्रिका तिची नाहीच. या लाळेतली मुलगी दुसरी कुणीतरी आहे."

भरतेश बायकोकडे वळला. वॉर्डातल्या सगळ्या आया-बाया बघत होत्या, त्याला भान नव्हतं. "दुसरीची लाळ दिलीस? लग्न व्हावं म्हणून? पोराला खाल्लंस तू!"

"मी न्हाई ओ," त्रिशला म्हणाली. "मी काडी आत्तींच्या हातात दिली." आणि तिने आत्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात संशय नव्हता. ती फक्त साक्ष मागत होती.

पद्माक्काने तिच्यावरून नजर काढली.

"चिठ्ठ्या मंडळाची पोरं चिकटवत होती," ती म्हणाली. "त्यांनीच घोळ घातला असंल. मला काय दिसतंय सगळं?"

आदगोंडा पुढे आले आणि शर्टाची बाही वर करून त्यांनी डॉक्टरांपुढे हात धरला. "आता माझी कातडी घ्या."

"आता नाही चालणार, काका."

"तेव्हा चालली असती?"

"तुमच्यात हा दोष नाही," त्या म्हणाल्या. "चालली असती."

आदगोंडांनी बाही हळूहळू खाली केली आणि गुंडी लावू लागले. ती त्यांना लागेना. श्रेयांसला आता शिरेतून अन्न देऊन जगवायचं होतं. किती महिने, ते कुणी विचारलं नाही आणि डॉक्टरांनी सांगितलं नाही.

"अजून एक काम राहिलंय," त्या पडद्याकडे वळत म्हणाल्या. "ही चांगल्या जनुकांची मुलगी कोण, ते शोधायला हवं. चिठ्ठ्या बदलल्या असतील तर तिच्या नावावर त्रिशलाचा दोष लागलाय. ती बिचारी कुठेतरी चुकीच्या कागदावर जगत असेल. मंडळाकडे मागणी करतेच, त्याआधी आमच्याकडच्या नोंदीत बघते. इथे नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाचा ओळखीपुरता नमुना असतो. उगाच एक शक्यता."

त्यांनी बोट टेकवलं. पडद्यावर एक चक्र फिरू लागलं.

"राहू द्या की आता," पद्माक्का म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "एवढं झालंय. कशाला उकरायचं?"

कुणाचं लक्ष नव्हतं. पद्माक्काला वाटलं, आपल्यालाही तसं जमायला हवं होतं. धागे तोडायचे, पुडी बांधायची, डाग न ठेवता जायचं. पण ती वेळ त्या सभागृहातल्या दुपारीच निघून गेली होती. आता फुटायचंच राहिलं होतं, शेजारच्यांना घेऊन.

चक्र थांबलं. पडद्यावर एक फोटो उघडला. निळा गणवेश, घट्ट वेणी, नोकरी लागल्याच्या पहिल्या दिवसाचं अवघडलेलं हसू.

राजमतीने कोरडा लंगोट बांधला होता. तिने बाळाच्या अंगावर दुपटं सारखं केलं, मान वर केली, आणि तिला पडदा दिसला. ती आधी हसली. मग तिने डॉक्टरांकडे पाहिलं, त्रिशलाकडे पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी, सणासुदीला वाकायची त्या सवयीने, पद्माक्काकडे वळली.

"काकू," तिने विचारलं, "माझा फोटो कशाला आलाय ओ तिथं?"